गोवर : घर बदलले तरी बाळाची लस चुकू नये

महादेवपुरा (बंगळुरू) : बंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा हा भाग बाहेरून आलेल्या माणसांनी वाढवला आहे. २००७ मध्ये बृहत् बंगळुरू महानगरपालिकेत विलीन होईपर्यंत येथे स्वतंत्र नगरपालिका होती. आज व्हाइटफील्ड, हूडी, काडुगोडी, वर्तूर या परिसरात माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे उंच मनोरे उभे आहेत आणि त्यांच्याच कडेला बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. पुणे, सोलापूर, कोल्हापूर, लातूरकडून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे गृहसंकुलांत राहतात. मजुरांच्या वसाहतींत उत्तर कर्नाटकातील, तसेच उत्तर आणि पूर्व भारतातील कुटुंबे राहतात. या दोन्ही जगांमध्ये अंतर मोठे असले तरी लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट समान आहे. बाळाचा जन्म एका गावी होतो, ते वाढते दुसऱ्या शहरात आणि पुढे राहण्याचे ठिकाण पुन्हा बदलते.

गोवराचा विषय निघाला की हीच गोष्ट महत्त्वाची ठरते. गोवराची लस भारतात अनेक दशकांपासून उपलब्ध आहे, सरकारी केंद्रांत ती विनामूल्य मिळते आणि तिची परिणामकारकता सिद्ध झालेली आहे. तरीही गोवराचे उद्रेक होतात, कारण लस आणि बाळ यांची वेळेवर गाठ पडत नाही. ही गाठ का चुकते, चुकल्यास काय होते आणि ती पुन्हा कशी घालून द्यावी, हे प्रत्येक पालकाने समजून घेण्यासारखे आहे.

मुंबईने घेतलेला अनुभव

मराठी वाचकांना या आजाराची सर्वांत ठळक आठवण असेल ती २०२२ मधील मुंबईची. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस गोवंडीच्या रफी नगर भागात एकाच कुटुंबातील तीन बालकांचा अवघ्या दोन दिवसांत संशयित गोवराने मृत्यू झाला. त्यानंतर महापालिकेच्या एम-पूर्व विभागात, म्हणजे गोवंडी, मानखुर्द आणि शिवाजीनगरच्या दाट वस्त्यांत, घरोघरी पाहणी सुरू झाली आणि ताप व पुरळ असलेली मुले मोठ्या संख्येने आढळली. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात गोवराच्या बालरुग्णांसाठी खाटा वाढवाव्या लागल्या. नोव्हेंबरमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मुंबईला तज्ज्ञांचे पथक पाठवले. मालेगाव, भिवंडी आणि मुंबईलगतच्या इतर शहरांतही रुग्ण आढळले. महाराष्ट्र शासनाने डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले.

त्याच महिन्यात केंद्राने राज्याला पाठवलेल्या सूचनांत या उद्रेकाचे कारण स्पष्टपणे नमूद केले होते. बाधित झालेली बहुसंख्य मुले लस न घेतलेली होती आणि त्या भागांतील लसीकरणाचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी होते. उद्रेकग्रस्त भागातील ९ महिने ते ५ वर्षे वयाच्या सर्व मुलांना नेहमीच्या दोन मात्रांव्यतिरिक्त एक जादा मात्रा देण्याचा विचार करावा, असे केंद्राने सुचवले. जेथे एकूण रुग्णांत ९ महिन्यांहून लहान बालकांचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा अधिक आहे, तेथे ६ महिने पूर्ण झालेल्या बालकांनाही एक मात्रा द्यावी, असेही त्यात म्हटले होते.

यामागे कोविड काळाची पार्श्वभूमी होती. टाळेबंदीत लसीकरण सत्रे विस्कळीत झाली, अनेक कुटुंबे गावी गेली आणि परतली तेव्हा मुलांच्या मात्रांच्या तारखा उलटून गेल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एकाच वर्षात जगभरातील सुमारे ४ कोटी बालकांची गोवर लसीची एक तरी मात्रा चुकली. गोवंडीत जे घडले ते गोवंडीपुरते नव्हते. माणसे दाटीने राहतात, सतत ये-जा करतात आणि मुलांच्या लसीची नोंद कोणा एकाकडे राहत नाही, अशा कोणत्याही वस्तीत ते घडू शकते. महादेवपुऱ्यासारख्या भागाने मुंबईच्या अनुभवाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे.

गोवर इतक्या वेगाने का पसरतो?

गोवर हा विषाणूजन्य आजार आहे. हिंदीत त्याला ‘खसरा’ आणि कन्नडमध्ये ‘दडार’ म्हणतात. रुग्णाच्या खोकण्या-शिंकण्यातून, किंबहुना श्वासोच्छ्वासातूनही विषाणू हवेत मिसळतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यानंतरही तो तेथील हवेत सुमारे दोन तास टिकू शकतो. त्यामुळे रुग्णाशी प्रत्यक्ष भेट झाली नाही तरी लागण होऊ शकते. ज्यांच्या शरीरात प्रतिकारशक्ती नाही अशा दहा व्यक्ती रुग्णाच्या निकट सहवासात आल्या तर त्यांपैकी सुमारे नऊ जणांना गोवर होतो. कोणाचीच प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना आजार देतो, असे साथरोगशास्त्र सांगते. माणसाला ज्ञात असलेल्या सर्वाधिक संसर्गजन्य आजारांत त्याची गणना होते.

दुसरी अडचण वेळेची आहे. विषाणू शरीरात शिरल्यानंतर साधारण १० ते १२ दिवसांनी ताप येतो. त्यासोबत खोकला, वाहणारे नाक आणि लालसर, पाणावलेले डोळे अशी लक्षणे दिसतात. गालाच्या आतील बाजूस बारीक पांढरे ठिपके उमटतात. वैद्यकात त्यांना ‘कोप्लिक ठिपके’ म्हणतात आणि ती गोवराची विशेष खूण मानली जाते. पुरळ त्यानंतर, म्हणजे लागण झाल्यापासून सुमारे दोन आठवड्यांनी, दिसू लागते. ते कानामागे व कपाळावर सुरू होऊन चेहरा, मान, छाती, पोट आणि शेवटी हातापायांकडे उतरत जाते. मात्र पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून ते दिसल्यानंतर चार दिवसांपर्यंत रुग्ण इतरांना संसर्ग देऊ शकतो. मुलाला साधी सर्दी झाली आहे असे समजून त्याला पाळणाघरात किंवा अंगणवाडीत पाठवले जाते, तेव्हाच संसर्ग पसरत असतो. पुरळ उठल्यावर मुलाला वेगळे ठेवले तरी तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून रुग्णाला वेगळे ठेवून गोवराची साथ पुरती रोखता येत नाही. तिला रोखण्याचा खात्रीचा उपाय लस हाच आहे.

‘एकदा होऊन जातो’ हा समज

आपल्याकडे गोवर हा बालपणाचा एक टप्पाच मानला जाई. घरात कडुलिंबाचा पाला ठेवणे, मुलाला आंघोळ न घालणे, ठरावीक पदार्थ वर्ज्य करणे, ‘अंगातला गोवर बाहेर पडू द्यावा’ म्हणून औषध टाळणे, अशा रूढी अनेक घरांत होत्या आणि काही ठिकाणी अजूनही आहेत. बहुतेक मुले त्यातून बरी होत, हे खरे. परंतु जी बरी झाली नाहीत, त्यांची संख्याही मोठी होती. १९६३ मध्ये लस उपलब्ध होण्यापूर्वी आणि तिचा व्यापक प्रसार होण्यापूर्वी जगभरात दरवर्षी सुमारे २६ लाख मृत्यू गोवराने होत असत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

गोवराचा मृत्यू बहुधा त्याच्या गुंतागुंतींमुळे होतो. बाधित मुलांपैकी साधारण वीसात एकाला न्यूमोनिया होतो आणि लहान मुलांच्या गोवर-मृत्यूंचे तेच सर्वांत मोठे कारण आहे. तीव्र अतिसार, कानाचा संसर्ग, तोंडात व्रण या तक्रारी नेहमीच्या आहेत. सुमारे हजारात एका रुग्णाच्या मेंदूला सूज येते आणि त्यातून वाचलेल्या मुलाला कायमचे अपंगत्व येऊ शकते. जीवनसत्त्व अ कमी असलेल्या, कुपोषित मुलांच्या डोळ्यांवर परिणाम होऊन अंधत्व येण्याचा धोका असतो. अत्यंत क्वचित, पण फार लहान वयात गोवर झालेल्या मुलांमध्ये अधिक प्रमाणात, सात ते दहा वर्षांनी मेंदूचा एक प्राणघातक विकार उद्भवतो. तोपर्यंत घरच्यांना त्या जुन्या गोवराची आठवणही राहिलेली नसते.

अलीकडच्या संशोधनाने आणखी एक हानी उजेडात आणली आहे. गोवराचा विषाणू रोगप्रतिकार यंत्रणेच्या स्मृतिपेशींवरच हल्ला करतो. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताचा गोवरापूर्वी आणि गोवरानंतर अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. इतर रोगांविरुद्ध या मुलांनी मिळवलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे गोवरानंतर नाहीशी झालेली आढळली. म्हणजे बाळाने आजवर ज्या रोगजंतूंशी लढून संरक्षण मिळवले होते, त्यातला मोठा वाटा गोवर पुसून टाकतो. गोवरातून उठलेले मूल पुढे अनेक महिने वारंवार आजारी का पडते, या आईवडिलांच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर यात आहे.

दोन मात्रा कशासाठी?

सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात १९८५ पासून गोवराची लस दिली जाते. दुसरी मात्रा २०१० पासून टप्प्याटप्प्याने समाविष्ट झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवरासोबत रुबेलापासूनही संरक्षण देणारी एमआर लस आली. ९ महिने ते १५ वर्षांखालील मुलांसाठीच्या तिच्या देशव्यापी मोहिमेचा पहिला टप्पा कर्नाटक, तामिळनाडू, गोवा, पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप येथे पार पडला. महाराष्ट्रात ही मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. रुबेला हा मुलांमध्ये सौम्य आजार असला तरी गर्भवतीला सुरुवातीच्या महिन्यांत झाल्यास गर्भपात होऊ शकतो किंवा बाळ बहिरेपणा, मोतीबिंदू, हृदयदोष घेऊन जन्माला येऊ शकते. म्हणून दोन्ही संरक्षणे एकाच सुईत दिली जातात.

सरकारी वेळापत्रकानुसार पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर, १२ महिन्यांच्या आत आणि दुसरी मात्रा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यायची असते. यामागचे कारण समजले की तारखांचे महत्त्व पटते. जन्मतः बाळाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे असतात. ती काही महिने बाळाचे रक्षण करतात, पण तीच लसीतील दुर्बल केलेल्या विषाणूलाही निष्प्रभ करतात. फार लवकर दिलेली लस त्यामुळे वाया जाण्याची शक्यता असते आणि फार उशीर केल्यास बाळ मधल्या काळात उघडे पडते. आपल्यासारख्या देशात या दोहोंमधला मध्य म्हणून ९ महिन्यांचे वय निवडले गेले.

या वयात दिलेल्या एका मात्रेने सुमारे ८५ टक्के बालकांना संरक्षण मिळते. उरलेल्या १५ टक्क्यांच्या शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होत नाही आणि कोणते बाळ त्यांच्यात आहे, हे वरून कळत नाही. दुसरी मात्रा मुख्यतः त्यांच्यासाठी असते. दोन मात्रांनंतर संरक्षणाचे प्रमाण सुमारे ९७ टक्क्यांपर्यंत जाते. ‘एक घेतली आहे, दुसरी राहिली तरी चालेल’ हा विचार यासाठी धोक्याचा आहे.

साधा हिशेब करून पाहावा. एखाद्या वस्तीत दरवर्षी शंभर बाळे जन्मतात आणि त्यांतील नव्वद जणांना पहिली मात्रा मिळते, असे समजू. नव्वदपैकी ८५ टक्के, म्हणजे ७६ किंवा ७७ बालके सुरक्षित होतात. उरली सुमारे २३. दुसरी मात्रा दिली गेली नाही तर पुढच्या वर्षी आणखी २३ त्यांत मिळतात. चार वर्षांत त्या वस्तीत असुरक्षित मुलांची संख्या नव्वदच्या पुढे जाते, म्हणजे जवळजवळ एका वर्षात जन्मणाऱ्या सगळ्या बाळांइतकी होते. वरवर लसीकरण नव्वद टक्के दिसते आणि आतून साथीला पुरेसे इंधन साठत जाते. गोवराचे उद्रेक काही वर्षांच्या अंतराने का होतात, याचे कारण हेच. साथ रोखण्यासाठी दोन्ही मात्रांचे प्रमाण किमान ९५ टक्के असावे आणि तेही जिल्ह्याच्या सरासरीत नव्हे, तर प्रत्येक वस्तीत, असे तज्ज्ञ सांगतात. ही पातळी गाठली तर ९ महिन्यांहून लहान बाळे आणि कर्करोगावरील उपचारांसारख्या कारणांनी जी मुले लस घेऊ शकत नाहीत, त्यांचेही आपोआप रक्षण होते.

दुसरी मात्रा नेमकी कुठे हरवते?

बंगळुरूत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबाचा नेहमीचा क्रम पाहू. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी, सांगली किंवा नांदेडला जाते. जन्मानंतरच्या आणि दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसी तेथेच होतात. त्यांची नोंद महाराष्ट्रातील कार्डावर असते. मग आई बाळाला घेऊन बंगळुरूला परतते. नऊ महिन्यांची मात्रा एखाद्या खासगी दवाखान्यात दिली जाते आणि तिची नोंद वेगळ्या पुस्तिकेत होते. दुसरी मात्रा येते तेव्हा बाळ चालायला लागलेले असते, लसींची सुरुवातीची धावपळ संपलेली असते, आई कामावर रुजू झालेली असते आणि आठवण करून देणारे कोणी नसते. याच सुमारास घर बदलले तर ती पुस्तिकाही एखाद्या खोक्यात जाते.

मजूर कुटुंबाची अडचण याहून बिकट असते. काम संपले की वसाहत उठते. गावातील आशा कार्यकर्तीच्या यादीत बाळाचे नाव असते, पण बाळ तेथे नसते. नव्या वसाहतीत बाळ असते, पण यादीत नाव नसते. आईला रजा मागितली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. केंद्रात कोणती भाषा बोलावी, कार्ड नसेल तर परत पाठवतील का, असा संकोचही असतो. अशा मुलांच्या बाबतीत पालकांचा लसीला विरोध असतोच असे नाही. व्यवस्थेच्या दोन याद्यांमधल्या फटीत ती पडलेली असतात.

ही फट बुजवण्यासाठी पालकांना काही गोष्टी ठाऊक हव्यात. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमातील लस देशातील कोणत्याही सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते. त्यासाठी स्थानिक रहिवासी असण्याची अट नाही. बंगळुरूत प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि ‘नम्म क्लिनिक’ ही प्रभागांतील दवाखान्यांची साखळी आहे. लसीकरणाचा दिवस तेथे किंवा परिसरातील अंगणवाडीत विचारून घ्यावा. कर्नाटकात माता-बाल संरक्षण कार्डाला ‘ताई कार्ड’ म्हणतात. कन्नडमध्ये ‘ताई’ म्हणजे आई. महाराष्ट्रातील कार्ड दाखवले तरी त्यावरून पुढील मात्रा देता येते. गोवराच्या मात्रेविषयी विचारताना ‘दडार लस’ म्हटले तर परिचारिकेला लगेच कळते.

मात्रा उशिरा झाली म्हणून सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. जेथे खंड पडला तेथून पुढे चालू करायचे असते. दोन मात्रांमध्ये किमान चार आठवड्यांचे अंतर हवे. राहिलेल्या मात्रा सरकारी कार्यक्रमात वयाची पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत घेता येतात. कार्ड हरवले आणि आठवत नसेल तर लस घेणेच योग्य, कारण एखादी मात्रा जास्त झाल्याने अपाय होत नाही. पहिली मात्रा सरकारी केंद्रात एमआर आणि दुसरी खासगी दवाखान्यात एमएमआर अशी झाली तरी गोवराच्या दोन मात्रा पूर्ण झाल्या असे धरले जाते. खासगी बालरोगतज्ज्ञांच्या वेळापत्रकात ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षे अशा तीन एमएमआर मात्रा असतात. मात्र उद्रेकाच्या काळात ६ ते ९ महिन्यांच्या दरम्यान दिलेली मात्रा जादाची असते. ती मोजणीत धरली जात नाही आणि त्यानंतर नेहमीच्या दोन्ही मात्रा घ्याव्याच लागतात.

केंद्र सरकारच्या ‘यू-विन’ या संगणकीय प्रणालीत आता बालकांच्या लसीकरणाची नोंद होते. त्यावर भ्रमणध्वनी क्रमांकाने नोंदणी केल्यास एका राज्यात घेतलेल्या मात्रेची नोंद दुसऱ्या राज्यातील केंद्रात पाहता येते आणि प्रमाणपत्रही मिळते. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी ही सोय विशेष उपयोगाची आहे. तरीही कार्डाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र भ्रमणध्वनीत जपून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

लसीविषयीच्या शंका

एमआर लस उजव्या दंडावर त्वचेखाली टोचली जाते. त्यानंतर काही मुलांना पाच ते बारा दिवसांच्या दरम्यान हलका ताप येतो, कधी बारीक पुरळ दिसते. ते एक-दोन दिवसांत ओसरते. त्यातून इतरांना गोवर होत नाही. गंभीर ॲलर्जी अत्यंत दुर्मीळ आहे आणि ती सहसा काही मिनिटांतच दिसते. म्हणून लस दिल्यानंतर अर्धा तास केंद्रातच थांबण्यास सांगितले जाते. साधी सर्दी, किरकोळ ताप, सौम्य जुलाब किंवा कुपोषण ही लस टाळण्याची कारणे नाहीत. उलट कुपोषित बालकाला गोवराचा धोका सर्वाधिक असल्याने त्याला लस प्राधान्याने हवी. पूर्वीच्या मात्रेनंतर गंभीर ॲलर्जी झालेली मुले, रोगप्रतिकारशक्ती अतिशय क्षीण झालेली मुले आणि गर्भवती महिला यांना मात्र ही लस देत नाहीत.

गोवर-गालगुंड-रुबेला लसीमुळे स्वमग्नता होते, हा समज १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका लेखातून जगभर पसरला. तो लेख २०१० मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. लाखो मुलांवरील नंतरच्या अभ्यासांत असा कोणताही संबंध आढळलेला नाही. भारतातही २०१७ च्या मोहिमेत तामिळनाडू आणि कर्नाटकात समाजमाध्यमांवरून अफवा पसरल्या होत्या आणि काही पालकांनी त्या दिवशी मुलांना शाळेत पाठवणे टाळले होते.

शंका बाळगण्यात गैर काही नाही, परंतु ती आरोग्य कर्मचाऱ्याला किंवा डॉक्टरांना विचारून दूर करून घ्यावी. प्रशांत महासागरातील सामोआ या छोट्या देशाचा अनुभव या संदर्भात सांगण्यासारखा आहे. तेथे २०१८ मध्ये लसीकरणानंतर दोन बालकांचा मृत्यू झाला. लसीची भुकटी विरघळवताना परिचारिकांनी चुकीचे औषध मिसळले होते, हे चौकशीत निष्पन्न झाले. दोष लसीचा नव्हता. परंतु मधल्या काळात लसीकरण थांबले आणि पालकांचा विश्वास उडाला. २०१९ च्या अखेरीस गोवराची साथ आली आणि सुमारे दोन लाख लोकवस्तीच्या त्या देशात ८३ जण दगावले. त्यांत बहुतेक पाच वर्षांखालील मुले होती.

गोवर झालाच तर

मुलाला ताप आणि पुरळ दिसल्यास प्रथम डॉक्टरांना दाखवावे आणि आशा कार्यकर्तीला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवावे. रक्ताच्या नमुन्यातून निदान पक्के केले जाते आणि आजूबाजूच्या मुलांची लसीकरण स्थिती तपासता येते. पुरळ उठल्यापासून किमान चार दिवस मुलाला घरीच, शक्यतो वेगळ्या खोलीत ठेवावे.

गोवराच्या विषाणूवर विशिष्ट औषध नाही. उपचार गुंतागुंत टाळण्यासाठी असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार गोवर झालेल्या प्रत्येक मुलाला लागोपाठ दोन दिवस जीवनसत्त्व अ चे डोस दिले जातात. सहा महिन्यांखालील बाळाला ५० हजार, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला १ लाख आणि एक वर्षावरील मुलाला २ लाख एकक असे एका दिवसाचे प्रमाण आहे. त्यामुळे डोळ्यांचे रक्षण होते आणि मृत्यूचा धोका घटतो. हे डोस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावेत. मुलाला भरपूर पातळ पदार्थ द्यावेत, जुलाब होत असल्यास जलसंजीवनी द्यावी, स्तनपान थांबवू नये आणि खाणे बंद करू नये. आंघोळ घालण्यास किंवा अंग पुसण्यास हरकत नाही.

श्वास जलद चालणे किंवा छाती आत ओढली जाणे, झटके, गुंगी, पाणीही न पिणे, डोळ्यात पांढुरकेपणा दिसणे, तोंडात खोल व्रण, वारंवार जुलाब यांपैकी काहीही दिसल्यास मुलाला विलंब न करता रुग्णालयात न्यावे. लस न घेतलेले घरातील किंवा शेजारचे मूल रुग्णाच्या सहवासात आले असेल, तर ७२ तासांच्या आत दिलेली लस त्याचा आजार टाळू शकते किंवा सौम्य करू शकते.

उद्दिष्ट जवळ आहे, पण…

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २००० ते २०२३ या काळात गोवराच्या लसीने सुमारे ६ कोटी मृत्यू टाळले. तरीही २०२३ मध्ये जगभरात सुमारे १ कोटी ३ लाख लोकांना गोवर झाला आणि १ लाख ७ हजारांहून अधिक मृत्यू झाले. अमेरिकेने २००० मध्ये गोवराचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले होते. २०२५ मध्ये टेक्सासमध्ये मोठी साथ आली आणि मुले दगावली. एकदा मिळवलेले यश सांभाळले नाही तर ते हातचे जाते, हे यातून दिसते. भारताने २०२३ पर्यंत गोवर-रुबेला उच्चाटनाचे उद्दिष्ट ठेवले होते. ते साध्य न झाल्याने आता २०२६ चे लक्ष्य समोर आहे.

या लढाईत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट ही गोवर लसीच्या जगातील सर्वांत मोठ्या उत्पादकांपैकी एक असून तिची लस अनेक देशांतील बालकांना दिली जाते. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात जपत केंद्रापर्यंत आणली जाते. कुपी उघडून लस विरघळवल्यानंतर ती चार तासांच्या आत वापरावी लागते. उरलेली टाकून द्यावी लागते. एवढा खटाटोप करून लस वस्तीच्या दारापर्यंत पोहोचते. शेवटची काही पावले बाळाला घेऊन पालकांनी चालायची असतात.

महादेवपुऱ्यातील संकुल असो वा मजुरांची वसाहत, पिंपरी असो वा गोवंडी, पाच वर्षांखालील मूल असलेल्या प्रत्येक घराने आज एवढेच करावे : लसीकरण कार्ड काढावे आणि एमआर किंवा एमएमआरच्या पुढे दोन तारखा लिहिलेल्या आहेत का, ते पाहावे. एकच तारीख असेल किंवा रकाना रिकामा असेल, तर पुढच्या लसीकरणाच्या दिवशी बाळाला घेऊन केंद्रात जावे. घरी भांडी-धुणे करणाऱ्या मावशींच्या नातवंडाचे आणि शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या मुलांचे कार्डही विचारावे. हवेतून पसरणारा हा आजार संकुलाच्या फाटकाशी थांबत नाही. त्यांच्या मुलांना मिळालेले संरक्षण आपल्या घरातील सहा महिन्यांच्या बाळाच्याही कामी येते.